आईच्या माहेरचे बेडूक

दादा,

आपल्या बावखलातल्या बेडकांना मी मामा म्हणायचे, हे परवा नातीला सांगितलं तर ती मला वेड्यात काढून मोकळी झाली. म्हणाली, "आजी, बेडकाला कुणी मामा म्हणतं का?" मी म्हटलं, आम्ही म्हणायचो, आणि माझे वडील, म्हणजे तुम्ही, तर त्यांना मेव्हणे म्हणायचे. त्यावर ती इतकी हसली की मला तिचा रागच आला, आणि मग स्वतःचाही आला, कारण ह्या गोष्टीत हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि सगळ्यांत जास्त तुम्हीच हसायचात. तिला बावखल म्हणजे काय हेही सांगावं लागलं. विहीर नव्हे, तळंही नव्हे. वाडीत खणलेला मोठा ऐसपैस खड्डा, वाळूतून झिरपून त्यात साठलेलं गोडं पाणी, एका काठाला रहाट, दुसऱ्या काठाने पाण्यापर्यंत उतरत गेलेली पायवाट, आणि कडेने केवडा नि अळू. तिने विचारलं, "म्हणजे स्विमिंग पूल?" मी सांगायचं सोडून दिलं. ती शाळेत गेली आणि मी कागद घेऊन बसले. तुम्हाला पत्र लिहायची सवय मला कधीच नव्हती. माझ्या सासरच्या होळी गावाहून नंदाखालला सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला मी तुमच्या पंगतीत असायचे, पत्र कशाला लिहायचं?

ती घागरीची गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की मी जन्माआधीच तिथे हजर होते असं मला वाटतं. आपल्या घरात नवी सून माहेरच्या पाण्याची घागर घेऊन यायची. सगळ्या गावाची ही रीत नव्हती, आपल्याच घरची. सुनेच्या भावाने ती घागर खांद्यावरून आणायची आणि सुनेने ती आपल्या बावखलात रिकामी करायची, म्हणजे दोन घरांचं पाणी एक झालं. आईचा एकुलता एक भाऊ तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा होता. निघायच्या घाईत त्याने वटारला, आईच्या माहेरच्या बावखलात, काठालाच घागर बुडवली, तोंडाला फडकं बांधलं आणि वऱ्हाडाबरोबर चालत आला. इथे सगळ्या बायका जमलेल्या, आईने घागर उपडी केली, आणि पाण्याबरोबर काळेकुट्ट बेडूकमासे वळवळत बाहेर पडले. पोराला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी म्हणाली, "सून एकटी नाय आली गो, पाठराखणी घेऊन आली!" आणि तुम्ही, नवरदेव असून, कपाळाला मुंडावळ्या असताना, मोठ्याने म्हणालात, "पाठराखणी कसल्या, मेव्हणे हायत माझे." नवऱ्या मुलाने असं बोलायचं नसतं म्हणून तुम्हाला आजोबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं. आपल्या बावखलात त्याआधी बेडूक नव्हते असं थोडंच आहे? पण त्या दिवसापासून काठावर बसलेला प्रत्येक बेडूक आईच्या माहेरचा ठरला.

तो मामा मला माहीत नाही. मी व्हायच्या आधीच तो तापाने गेला, त्याच्या पाठोपाठ वटारचे आजोबा, मग आजी. घर चुलत्यांकडे गेलं. चुलते आईला कधी वाईट शब्द बोलले नाहीत, फक्त ये म्हणून त्यांनी कधी निरोप धाडला नाही. नंदाखालहून वटार ते किती लांब, ऊन तापायच्या आत पोचता येतं. पण न बोलावता माहेरी जायचं नाही ह्याबाबतीत आई हट्टी होती, आणि तुम्ही तिला कधी आग्रह केला नाहीत, तेही मला आज खटकतं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आई चंद्राला ओवाळायची नाही. ती बावखलाला ओवाळायची.

मला अजून लख्ख दिसतं. दिवेलागणीची वेळ आहे, वाडीत केळीखाली काळोख जमायला लागला आहे, आणि आई नवं लुगडं नेसून, हातात तबक घेऊन बावखलाच्या पूर्वेच्या कोन्यात उभी आहे. मी तिच्या पदराला धरून आहे, कारण मलाही भाऊ नाही. त्या कोन्यात पाणी उथळ असायचं, पायाला चिखल मऊ लागायचा, शेवाळाच्या गाद्या आणि अळूची मोठाली पानं, आणि त्यांच्या आडोशाने पाण्यावर नुसते डोळे काढून बसलेली मंडळी. आई दिवा फिरवते, अक्षता टाकते. अक्षता पाण्यावर पडतात न पडतात तोच डुबुक डुबुक करून सगळे बुडी मारतात. आणि मागून तुम्ही म्हणता, "ओवाळणी न घालताच पळाले बघ तुझे भाऊ!" आई लटक्या रागाने वळून बघते. म्हणते, "माझे भाऊ लाजतात. तुमच्यासारखे नायत ते." तिच्या तोंडावर तेव्हा जे असायचं ते मी पुढे फार कमी वेळा पाहिलं, म्हणून एवढं लिहिते आहे.

वैशाखात बावखलाचा गाळ काढायचा, तो टोपल्यांनी केळीला आणि पानवेलीला घालायचा, हे दरवर्षीचं काम. पण पूर्वेचा तो कोना तुम्ही दरवर्षी सोडून द्यायचात. त्यासाठी आईला कधी तोंड उघडावं लागलं नाही. गडी तिकडे कुदळ घेऊन वळले की तुम्हीच ओरडायचात, "तिकडे नको, तिकडे मेव्हण्यांचं बिऱ्हाड हाय." उन्हाळ्यात बेडूक तिथल्या चिखलात शिरून बसायचे, आणि आषाढात ते बाहेर आले की असा काही गलका करायचे की ओटीवर बसून बोललेलं घरात ऐकू जायचं नाही. मोठे पिवळेधमक नर, गाल फुगवून. त्यांना बघून तुम्ही म्हणायचात, "आज मेव्हण्यांनी हळद लावली." कडेच्या दगडांत एक दिवड राहायचं. पाण्यातला साधा साप, बिनविषारी, पण बेडकांचा काळ. त्याला तुम्ही फौजदार म्हणायचात. फौजदार दिसला की आई लांब काठीने त्याला हुसकायची. तुम्ही तिला चिडवायचात, की बाई माणसाने असं भावांच्या भांडणात पडू नये. एवढं थट्टेखोर माणूस पुढे दिवसच्या दिवस न बोलता ओटीवर बसून राहील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच हसलो असतो.

मग पाणी उपसणारी तेलाची इंजिनं आली. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. आधी आगाशीला कुणाच्या तरी वाडीत एक बसलं, तुम्ही ते बघायला गेलात आणि परत आलात ते वेगळेच होऊन. जेवताना घास हातात धरून तुम्ही सांगत होतात, की पाणी मनगटाएवढ्या नळातून कसं उसळून येतं, रहाटाच्या रेड्याला अर्धा दिवस लागतो ते काम माणसाचं जेवण उरकेपर्यंत कसं होतं. आई वाढता वाढता म्हणाली, "आणि मग उरलेला दिवस काय करायचं?" तुम्हाला तो प्रश्न इतका खुळा वाटला की तुम्ही पुन्हा नळाचंच सांगायला लागलात. वर्षभरात आपल्याकडे इंजिन बसलं. रहाट मोडला, त्याची लाकडं चुलीत गेली. रेडा विकायला नेला तेव्हा तुम्ही मागच्या दाराने वाडीत निघून गेलात, हे मी पाहिलं होतं. तुम्ही दगड नव्हता, दादा. दगड असतात तर हे लिहिणं सोपं झालं असतं.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. पानवेल मांडवाच्या वर गेली, केळीचे घड दोघांना उचलावे लागायचे. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसायला लागला होता, पण तो मला तेव्हा सुंदर वाटायचा, कपडे धुताना मी तो बोटाने फोडायचे. दुसऱ्या वर्षी चैत्र लागला तेव्हा बावखलाचा तळ दिसायला लागला. रहाट पाणी काढायचा तेव्हा मागून झिरपून भर पडायची. इंजिनाला तेवढा धीर नव्हता. तळाशी उरलेल्या चिखलात नळ खरखरायचा आणि वेलीची पानं दुपारी माना टाकायची. सगळ्यांच्याच वाड्यांत तीच कथा, आणि सगळ्यांनी काढलेला उपायही एकच, बावखल आणखी खोल खणायचं. आपल्या वाडवडिलांनी ज्या थरावर कुदळ थांबवली होती तिथे ती का थांबवली, हा विचार एकालाही सुचला नाही. आणि आपल्या बावखलातला सगळ्यांत मोठा झरा होता पूर्वेच्या कोन्यात.

त्या सकाळी आई चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तुम्ही उंबऱ्यात उभे राहून तिला सांगितलंत, विचारलं नाहीत. ती थापत राहिली. म्हणाली, "एवढा एक कोना सोडा. बाकी काय ते खणा."

"झरा तिथेच हाय, तर दुसरीकडे खणून काय करू?"

"पावसापर्यंत थांबा. ते बाहेर पडले की खणा."

"पावसापर्यंत वेल उभी राहील?" तुमचा आवाज चढला. "बेडकांसाठी मी पानवेल जाळू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

तेव्हा आई पहिल्यांदा वर बघून म्हणाली, "तुमीच त्यांना मेव्हणे केलंत. मी नाय केलं."

तुम्ही म्हणालात, "अगो, ती थट्टा होती!"

त्या चार शब्दांनी काय झालं ते तुम्हाला कळलं नाही. मला कळलं, कारण मी तिच्या बाजूला पीठ मळत बसले होते आणि तिचा हात भाकरीवर तसाच राहिला. एवढी वर्षं तिने जे माहेर म्हणून धरून ठेवलं होतं ते तिच्या नवऱ्याच्या लेखी नुसती थट्टा होती. भाकरी तव्यावर करपली, आणि आमच्या घरात करपलेली भाकरी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

खणायला पूर्वेकडच्या भातशेतीच्या गावांतले गडी आले होते. कोन्यातला चिखल वरून सुकून भेगाळला होता, पण हातभर खाली ओल होती, आणि त्या ओलीत ते होते. कुदळीच्या प्रत्येक घावाला निघत होते. फिकट, मातीच्या रंगाचे, झोपेत असल्यासारखे, पाय पोटाशी घेतलेले. एक गडी आईला म्हणाला, "बाय, ह्या कोन्यान निस्ते बेडूकच हायत. पानी पन लागतंय, पन आधी बेडूक." गाळाच्या टोपल्यांबरोबर ते केळीच्या आळ्यांत जाऊन पडत होते आणि उन्हात अर्धवट जागे होऊन तिथल्या तिथे सरपटत होते. कावळ्यांना कुणी निरोप दिला कोण जाणे, आणि ढोकऱ्या, ते मातकट बगळे, तर माणसांना न भिता पायाशी येऊन उभ्या राहिल्या. आई आळ्या-आळ्यांतून फिरून जे हाती लागतील ते ओच्यात भरत होती. रहाटाची जुनी दगडी डोणी तशीच पडली होती, तिच्यात तिने पाणी ओतलं, वर केळीची पानं घातली आणि त्यांना तिथे सोडलं. तुम्ही बांधावर उभे होतात. तुम्ही तिला थांबवलं नाहीत आणि मदतही केली नाहीत. दुपारपर्यंत डोणीचा दगड तापला. संध्याकाळी तिने पानं उचलली आणि लगेच परत झाकली. मला म्हणाली, "घरात जा." मी गेले. मला तेव्हा तुमचा जो राग आला तो पुढे कधी पूर्ण उतरला नाही, हे मी तुम्हाला तुम्ही असताना बोलून दाखवलं नाही, आता दाखवते.

पाणी मात्र लागलं, आणि भरपूर लागलं. तुम्ही विड्याची पानं विकायला घेऊन मुंबईला गेलात आणि येताना काचेचं एक गोल भांडं आणलंत, त्यात दोन लाल मासे. सबंध गाडीभर ते मांडीवर धरून बसला होतात, धोतर भिजलं होतं. आईच्या पुढ्यात ते ठेवून तुम्ही लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडे बघत राहिलात. आई मासे बघत म्हणाली, "हे कोण? ह्यांचं नि माझं काय नातं?" मी तेव्हा हसले, आणि तुमचं तोंड बघून गप्प झाले. तिने मासे टाकले नाहीत, त्यांना रोज भाताची शितं घातली. पण ते फार जगले नाहीत, आणि ते भांडं पुढे माळ्यावर गेलं.

त्या पावसाळ्यात बावखल भरलं खरं, पण त्याचे काठ सरळ तासलेले होते. उथळ जागा उरली नव्हती, शेवाळ नव्हतं, अळू नव्हतं, पाण्यावर तेल होतं. अंडी घालायला बेडकांनी कुठे यावं? आजूबाजूच्या वाड्यांतही तीच अवस्था. आषाढ गेला, श्रावण गेला, आणि ओटीवर बोललेलं घरात व्यवस्थित ऐकू येत होतं. आपल्याकडे बोलणारंच कुणी नव्हतं. भाऊबीजेला आईने सवयीने तबक तयार केलं, नवं लुगडं नेसली, वाडीत गेली. मी मागून, तुम्हीही मागून. काठावर ती किती वेळ उभी राहिली कोण जाणे. वात वाऱ्याने फडफडत होती. मग ती वळली आणि तुम्हाला म्हणाली, "कुणाला ओवाळू?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी मचूळ झालं. आधी फक्त वरणाला चव येईना, मग वेलीच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या तांबूस व्हायला लागल्या. तुम्ही रोज सकाळी बावखलात उतरून ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचात, घोळवायचात आणि थुंकायचात. चार दिवसांनी चव बदलेल अशी तुम्हाला आशा होती. समुद्र आपल्या वाळूखालून आत आला होता आणि तो आता परत जाणार नव्हता. पानवेल त्या वर्षी निम्मी गेली. तुमची थट्टा कधी बंद झाली ते नेमकं सांगता येणार नाही, पण तेव्हाच कधीतरी.

आणि मग तुम्ही ते केलंत, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. पाऊस लागायच्या आधी तुम्ही गडी न घेता एकट्याने पूर्वेच्या कोन्यात माती टाकायला सुरुवात केलीत. सरळ तासलेला काठ परत उतरता केलात, कुठून तरी अळूचे कांदे आणून लावलेत, इंजिनाचा नळ पलीकडे हलवलात. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायची. पाऊस चांगला लागला, वरचं पाणी गोडं झालं, तेव्हा एका सकाळी तुम्ही तिच्या लग्नातली तांब्याची घागर चिंचेने घासून लख्ख केलीत आणि म्हणालात, "वटारला जाऊन येतो." आईने मान हलवली. संध्याकाळी परत आलात ते नखशिखांत भिजून, गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर घागर आणि तिच्या तोंडाला फडकं. "तुझ्या बावखलाचं पाणी," तुम्ही म्हणालात. आईने आधी तुमच्या हातात पंचा दिला. मग फडकं सोडून आत पाहिलं. काळे बेडूकमासे वळवळत होते. तिने घागर कमरेवर घेतली, कोन्यात जाऊन उपडी केली, हळदकुंकू वाहिलं.

त्या वर्षी भादव्यात आपल्याकडे पुन्हा आवाज ऐकू आला. पूर्वीसारखा गलका नव्हे, दोन-चारच, पण आला. भाऊबीजेला आईने ओवाळलं, आणि तुम्ही मागे उभे राहून पंच्याने डोळे पुसलेत, मी पाहिलं. पाऊस ओसरला तसं पाणी पुन्हा मचूळ होत गेलं. माघात कोन्यात काहीच उरलं नव्हतं. पण तुम्ही त्यानंतर थोडे बोलायला लागला होता, जेवताना दुसऱ्यांदा भात मागून घ्यायचात. वेल गेली, केळीही गेल्यातच जमा होती, तरी काहीतरी निस्तरलं असं तुम्हाला वाटत होतं. माझं लग्न झालं तेव्हा आईने माझ्याबरोबर पाणी पाठवलं नाही. खारं पाणी कुणाच्या घरी धाडू नये, म्हणाली. माझ्या लग्नानंतर तुम्ही फार थांबला नाहीत.

तुमच्यानंतर आई माझ्याकडे होळीला राहायला आली. एका दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. मी बोलता बोलता म्हटलं, "दादांनी किती केलं ना शेवटी. वटारपर्यंत गेले घागर घेऊन." आई सोलता सोलता म्हणाली, "वटारचं बावखल आदल्या उन्हाळ्यातच बुजवलं होतं. चुलत्यांनी. वरती माती टाकून वांगी लावली होती."

मला आधी अर्थच लागेना. मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"वटारच्या फुलवालीने. कधीचंच."

"म्हणजे दादा निघाले तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग अडवलं का नाहीस?"

तिने हातातला दाणा पाण्यात टाकला. "म्हटलं, जाऊन बघू दे. बुजलेलं कसं दिसतं ते एकदा बघू दे." मग पुढचा दाणा सोलत म्हणाली, "बघून आले, नि वाटेत कुणाच्या भातशेतात वाकून घागर भरली. म्हातारपणी चिखलात. मना दिसत होतं सगळं, त्यांच्या पायांवरनं."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतक्या वर्षांनी तुम्ही तिच्या माहेरी जाऊन आला होता आणि तिने तुम्हाला एक प्रश्न विचारला नव्हता. कोण भेटलं, काय खायला दिलं, दारातला फणस आहे की तोडला, काही नाही. मला ते समाधानाचं मौन वाटलं होतं. मी आईला म्हटलं, "तुझ्यासाठीच केलं ना त्यांनी? जाऊ दे की." आई म्हणाली, "जाऊच दिलं. परक्या बेडकांना ओवाळलं, त्यांच्या मनासाठी." मग वालांकडे बघत म्हणाली, "रिकामी घागर घेऊन आले असते ना, आणि नुसतं म्हणाले असते की तिथे काय नाय उरलं, तर मी सगळं सोडून दिलं असतं. कोन्याचा राग पण सोडला असता. दोघं बसून रडलो असतो. भरून आणली, तिथे संपलं." एवढं बोलून ती उठली आणि वाल शिजत लावायला गेली. त्यानंतर हा विषय तिने काढला नाही. ती गेली त्याला आता खूप वर्षं झाली.

तर असं आहे, दादा. तुम्ही जेवढं म्हणून करता येईल तेवढं केलंत आणि नेमकं तेच तिला नको होतं. हे सगळं वाचून तुम्ही काय केलं असतंत ते मला माहीत आहे. ओटीवर जाऊन बसला असतात, पुन्हा न बोलणारे झाला असतात. तुमच्या पत्त्यावर टपाल जात असतं तरी मी हे टाकलं नसतं. निस्तरलं असं समजून तुम्ही गेलात, ते तसंच राहू दे. नात शाळेतून यायची वेळ झाली, हा कागद आता चुलीत घालायला हवा, आणि आमच्याकडे चूलही राहिली नाही, बघू कुठे घालायचा ते. फक्त एक सांगायचं राहिलं, जे त्या दुपारी आईपुढे बोलायची माझी छाती झाली नाही. तुमच्या जागी मी असते, त्या वांग्यांच्या वाफ्यासमोर घागर घेऊन उभी, तर मीही ती भरूनच आणली असती.